वीट झालेल्या टॅबची गोष्ट



बऱ्याच शनिवार-रविवारांनी लिहायला बसलोय. मधे ऑफिसात दोन रिलीज झाले, त्यामागोमाग दिवाळी आली, आणि घरी गेल्यावर लॅपटॉप उघडायचा नाही असा दरवर्षीप्रमाणे निश्चय केला होता. तो यंदा दुसऱ्याच दिवशी मोडला. ऑफिसच्या कामासाठी नाही मात्र. त्याचीच ही गोष्ट. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर अंबाजोगाईला, बीड जिल्ह्यात. दिवाळीच्या साफसफाईत आईने लोखंडी कपाटाचा खालचा खण रिकामा करायला काढला. त्यातून कुठल्याच फोनला न बसणारे तीन चार्जर, एक रिमोट, पप्पांच्या जुन्या डायऱ्या आणि एक सात इंची काळा टॅब निघाला. मागचं झाकण फुगून वर आलेलं. आई म्हणाली, "हे भंगारात देऊ का रे? नाहीतरी मेलेलंच आहे." मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "आजीचा आवाज ह्याच्यातच होता ना?"

होता. २०१३ च्या उन्हाळ्यात आजी गावाकडून आमच्याकडे राहायला आली होती. दुष्काळाचं वर्ष, गावात टँकर. तिला वेळ जाईना आणि माझी दहावीची परीक्षा संपलेली, म्हणून मी दुपारी टॅब तिच्यासमोर धरायचो आणि ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं समोर नव्हतं, पण हात आपोआप फिरायचा. (ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या प्रकल्पात अशा लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्यात, त्यात आमच्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्याही आहेत. पारीच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, जरूर ऐका. पण त्यात आमची आजी नाही.) आजी २०१६ साली गेली. तिचा आवाज असलेली दुसरी कुठलीही वस्तू घरात नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये ती दिसते, पण वर सनई वाजत असते.

आता टॅब मेला कसा ते. मीच मारला. त्या टॅबवर मराठी जोडाक्षरं तुटून दिसायची, आणि अँड्रॉइड ४.१ टाकलं की नीट दिसतात असं मला एका मित्राने सांगितलं. मे महिन्यात मामाच्या कॉम्प्युटरवर फर्मवेअर उतरवून घेतलं, टॅब केबलने जोडला आणि बटण दाबलं. हिरवी पट्टी निम्म्याच्या आसपास आली आणि लाईट गेली. आमच्याकडे लाईट जाणं ही काही बातमी नाही. पंचवीसेक किलोमीटरवर परळीचं तेव्हा ११३० मेगावॉटचं असलेलं औष्णिक वीज केंद्र, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत तेच पाण्याअभावी बंद पडलं होतं, तिथे आम्ही कुणाला काय बोलणार. मामाच्या यूपीएसची बॅटरी नावालाच होती. टॅबला स्वतःची बॅटरी होती, पण त्याला खाऊ घालणारा कॉम्प्युटरच झोपला. अर्धं जुनं, अर्धं नवं. त्यानंतर टॅब कधी चालू झाला नाही. पडदा काळा, चार्जिंगचं चित्रही नाही. बाजारातल्या दुकानदाराने दोन मिनिटं हातात धरून निकाल दिला, "मदरबोर्ड गेला."

ह्या प्रकाराला जगभर 'ब्रिक होणं' म्हणतात. वीट होणं. आपल्याकडे विटेला जरा वेगळा मान आहे, पण असो :)

तर प्रश्न असा, की नुसत्या फायली अर्धवट लिहिल्या गेल्याने अख्खं यंत्र कसं मरतं? आणि खरंच मरतं का? सोळाव्या वर्षी मी दुकानदाराचं ऐकलं. पगारासाठी सॉफ्टवेअर लिहायला लागल्यावर ह्याचं उत्तर शोधायला माझ्याकडे निमित्त नव्हतं. ह्या दिवाळीत मिळालं. आणि शोधता शोधता असं लक्षात आलं की यंत्र असं मरू शकणं ही बऱ्यापैकी अलीकडची गोष्ट आहे.

'फर्मवेअर' हा शब्द १९६७ सालचा. ॲशर ऑप्लर नावाच्या गृहस्थांनी डेटामेशन मासिकात तो पहिल्यांदा वापरला. त्यांच्या डोळ्यासमोर प्रोसेसरच्या पोटातला मायक्रोकोड होता: हार्डवेअर म्हणावं तर बदलता येतं, सॉफ्टवेअर म्हणावं तर रोज कुणी बदलत नाही, म्हणून मधलं काहीतरी 'फर्म'. पुढे हा शब्द यंत्राच्या आत कायमच्या बसवलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमला चिकटला. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याचा बायोस अवघा ८ केबीचा होता आणि रॉममध्ये होता. रॉम म्हणजे चिप कारखान्यात बनतानाच त्यात मजकूर छापला गेलेला. पुसता येत नाही, सुधारता येत नाही. त्यात चूक राहिली तर चिप उपटून दुसरी लावायची. गैरसोय खरीच, पण लाईट गेली म्हणून त्या पीसीचा बायोस कधी मेला नाही. मरायला आधी बदलता यावं लागतं.

मधला टप्पा होता ईप्रॉमचा. १९७१ साली इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी काढलेली ही चिप दिसायला मला फार आवडते. पाठीवर छोटी काचेची खिडकी. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडला की आतला मजकूर पुसला जायचा, मग पुन्हा लिहायचा. काम झालं की खिडकीवर कागदाची चिकटपट्टी, नाहीतर उन्हाने स्मृती उडायची! अशी चिप चुकून पुसली जाणं अवघड. त्यासाठी कुणीतरी पट्टी काढून दिव्याखाली नेऊन ठेवायला हवी.

मग तोशिबाच्या फुजियो मासुओका यांनी ती अडचण दूर केली. १९८४ साली त्यांनी अशी चिप जगापुढे ठेवली, जी विजेनेच पुसता येते, तीही गठ्ठ्याने, एका झटक्यात. त्यांचे सहकारी आरिइझुमी यांना ते पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं, म्हणून नाव पडलं फ्लॅश. १९८७ मध्ये त्याच घराण्यातली नँड फ्लॅश आली. तुमच्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, माझ्या टॅबमध्ये जे आहे ते तेच. ह्या गठ्ठ्याने पुसण्यातच सगळी मेख आहे. फ्लॅशवर एखादं अक्षर खोडून दुसरं लिहिता येत नाही. आधी अख्खा ठोकळा कोरा करावा लागतो, मग तो पुन्हा भरायचा. कोरा झाला पण भरला गेला नाही, असा एक क्षण प्रत्येक अपडेटमध्ये असतोच. लाईट नेमकी त्या क्षणी गेली की वीट.

इथे थोडं गावाचं कौतुक. आमच्या अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५) यांनी 'पंचीकरण' कागदावर न लिहिता कापडावर लिहिलं. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. चारशे वर्षं होऊन गेली, कापड विरलंय, पण मजकूर डोळ्यांनी दिसतो. शाळेच्या सहलीत ह्या पासोडीबद्दल ऐकलं तेव्हा मी जांभया दिल्या होत्या. ह्या दिवाळीत मात्र तिचा हेवा वाटला. माझ्याकडचा मजकूर बारा वर्षांचा, आणि तो आहे की नाही हे कळायलाच आधी वीज, प्रोसेसर आणि ड्रायव्हर हवा!

नव्वदच्या दशकात पीसीचा बायोस फ्लॅशवर गेला आणि सगळ्यांची सोय झाली. १९९९ साली त्या सोयीचं बिल आलं. तैवानमधल्या चेन इंग-हाउ नावाच्या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी एक व्हायरस लिहिला होता. जेमतेम एक केबीचा. त्याच्याच आद्याक्षरांवरून सीआयएच म्हणतात, किंवा २६ एप्रिल ह्या तारखेवरून चेर्नोबिल. २६ एप्रिल १९९९ ला तो जागा झाला. हार्ड डिस्कची सुरुवात तर त्याने पुसलीच, पण काही मदरबोर्डांवर थेट बायोसच्या फ्लॅशवर कचरा लिहिला. जगभरात लाखो कॉम्प्युटर आडवे झाले. त्यातले ज्यांचे बायोस गेले त्यांचा पडदाही उजळेना. सॉफ्टवेअरने हार्डवेअर मारलं, असं सगळेच म्हणाले.

पण रिपेअरवाल्यांनी ऐकलं नाही. त्यांनी जी युक्ती वापरली ती वाचून मला हसू आवरेना. तसाच मदरबोर्ड असलेला चांगला कॉम्प्युटर घ्यायचा, तो डॉसमध्ये सुरू करायचा, आणि चालू असतानाच त्याची बायोस चिप हलक्या हाताने उपटायची! एकदा सुरू झालं की बायोसचं काम मेमरीतून चालतं, त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही. मग त्या जागी मेलेली चिप बसवायची आणि फ्लॅश करण्याचा प्रोग्रॅम चालवायचा. म्हणजे चालत्या माणसाचं डोकं काढून दुसऱ्याचं डोकं लावायचं, ते दुरुस्त करायचं आणि परत करायचं. मुद्दा असा की चिप मेलेली नव्हतीच, ती कोरी झाली होती. तिला कुणीतरी वाचून दाखवणारं हवं होतं. मदरबोर्डवाल्यांनीही धडा घेतला आणि बायोसचा एक छोटा तुकडा, बूट ब्लॉक, सहसा न पुसण्याची पद्धत रूढ झाली. बाकी सगळं गेलं तरी तेवढा तुकडा फ्लॉपी वाचू शकतो. काहींनी तर दोन-दोन बायोस चिपा लावल्या.

ह्याच जातीचा एक किस्सा मंगळावरचा आहे. नासाची स्पिरिट गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली आणि २१ तारखेपासून भलतंच वागायला लागली. तिच्या फ्लॅशमध्ये इतक्या फायली साठल्या होत्या की सुरू होताना त्यांची यादी मेमरीत मावेना. त्यामुळे गाडी सुरू व्हायची, यादी वाचायला घ्यायची, पडायची, परत सुरू व्हायची. साठ-सत्तर वेळा. रात्री झोपेना आणि बॅटरी संपत चालली. तिकडे तर कुणी चिप उपटायला जाणार नव्हतं. इंजिनिअरांनी तिला पृथ्वीवरून आज्ञा पाठवली की सुरू होताना फ्लॅशकडे बघूच नकोस. ती तशी सुरू झाली, शहाण्यासारखी बोलायला लागली, मग त्यांनी फायली साफ केल्या. तीन महिन्यांसाठी पाठवलेली ती गाडी पुढे सहा वर्षं चालली.

हे वाचल्यावर मी कपाटातला टॅब परत हातात घेतला. माझ्या टॅबला असं कसं सांगायचं, की बाबा रे, तुझ्या फ्लॅशकडे बघू नकोस?

टॅब कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, तशीही ती कंपनी कुणाला आठवणार नाही. पण मागचं झाकण उघडल्यावर आतली मुख्य चिप ओळखीची निघाली: ऑलविनर ए१३. चीनमधल्या झुहाई शहरातली ही कंपनी, आणि २०१२ चा हा प्रोसेसर. एक गिगाहर्ट्झ, एकच कोअर, अतिशय स्वस्त. त्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे जे तीन-चार हजारांचे टॅब सुळसुळाट झाल्यासारखे आले, त्यातल्या कितीतरी टॅबांत हाच किंवा ह्याचा भाऊबंद होता. सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे आपला 'आकाश'. पहिला आकाश ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी दिल्लीत दाखवला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोटाने दाबावा लागणारा पडदा, त्यामुळे नावं ठेवली गेली. मग काम आयआयटी मुंबईकडे आलं आणि प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने आकाश २ उभा राहिला. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तो बाहेर आला. सरकारला २२६३ रुपयांना एक. आत ए१३, ५१२ एमबी मेमरी, अँड्रॉइड ४.०. म्हणजे कागदावर तो माझ्या टॅबचा सख्खा भाऊच. पुढे आकाशचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. टॅब चीनमधून आल्याचे वाद, वाटपाला उशीर, आणि मग योजनाच विरून गेली. माझ्या पिढीतल्या बहुतेकांसाठी आकाश हा एक विनोद आहे. मीही त्यावर पुष्कळ हसलोय.

पण पवईत त्या टॅबवर एक काम झालं ते माझ्या आता कामी आलं. तिथल्या मंडळींनी अँड्रॉइडला हात न लावता, एसडी कार्ड घालून आकाश २ वर अख्खं लिनक्स चालवलं होतं आणि ते सगळं खुलं ठेवलं होतं. कार्ड घातलं की लिनक्स, काढलं की अँड्रॉइड. हे शक्य होतं कारण ए१३ च्या पोटात ३२ केबीची एक रॉम आहे. जुन्या पद्धतीची, चिप बनतानाच छापलेली, कुणालाही पुसता न येणारी. वीज मिळाली की प्रोसेसर पहिल्यांदा तिथलं वाचतो. आणि ती रॉम काय सांगते? आधी एसडी कार्ड बघ. त्यावर सुरुवातीपासून ८ केबी सोडून ठरलेली खूण असलेला प्रोग्रॅम आहे का? असेल तर तो चालव. नसेल तर मग नँड फ्लॅशकडे जा. तिथेही काही नसेल तर यूएसबीची केबल धर आणि कुणी काही सांगतंय का त्याची वाट बघ. ह्या वाट बघण्याच्या अवस्थेला फेल म्हणतात. इंग्रजीतल्या नापासाशी त्याचा संबंध नाही, पण नाव ऐकून माझी आई हसली.

म्हणजे मंगळावरच्या गाडीला जे पृथ्वीवरून सांगावं लागलं, ते ह्या टॅबला जन्मतःच माहीत होतं. फ्लॅशमध्ये काहीही राडा असो, कार्ड घातलं तर तो फ्लॅशकडे बघतच नाही. दुकानदाराने "मदरबोर्ड गेला" म्हटलं तेव्हा तो टॅब खरं तर कार्डाची वाट बघत होता.

ही व्यवस्था ऑलविनरने माझ्यासारख्यांवर उपकार म्हणून केली होती का? अजिबात नाही, असं माझं मत. उलट, त्यांच्या कोडवरून आणि परवान्यांवरून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यांना भरपूर शिव्या घातल्या आहेत. ती सोय कारखान्यासाठी होती. हजारो कोरे बोर्ड बनून येतात, त्यांच्या फ्लॅशमध्ये काहीच नसतं. त्यांना पहिला प्रोग्रॅम कुणी भरवायचा? तर कामगाराने कार्ड घालावं, चालू करावं, काढावं, पुढचा बोर्ड. स्वस्त मालाच्या घाईसाठी ठेवलेला मागचा दरवाजा. तो कुणी बंद केला नाही, कारण बंद करायलाही पैसे लागतात. मग २०१२ पासून लिनक्स-सुन्क्सी नावाने जगभरच्या हौशी लोकांनी ह्या चिपा उलगडल्या, फेलशी बोलायची साधनं लिहिली आणि सगळं व्यवस्थित नोंदवून ठेवलं. त्या नोंदी नसत्या तर मला हा दरवाजा दिसलाही नसता.

आता प्रत्यक्ष काम. फुगलेली बॅटरी आधी काढली. (हे घरी करणार असाल तर जपून. फुगलेल्या बॅटरीला स्क्रू ड्रायव्हर लागला तर पेट घेते. मी प्लास्टिकच्या पट्टीने सोडवली, अंगणात बसून.) मग ५ व्होल्टचा जुना पिनवाला चार्जर लावला, आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं, केबल लॅपटॉपला जोडली आणि पॉवर बटण पाच-सात वेळा टकटक दाबलं. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा यूएसबीच्या यादीत एक नवी ओळ आली. साधनाला विचारलं, कोण आहेस? उत्तर आलं: ए१३. टॅबचा पडदा काळाच होता. पण बारा वर्षांनी त्याने आपलं नाव सांगितलं, आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की पप्पा आतून बाहेर आले.

इथे एक मोठी चूक होता होता राहिली. जालावर जिथे बघाल तिथे पुढची पायरी एकच: नवीन फर्मवेअर भरा. टॅब जिवंत करायचा तर तेच बरोबर आहे. पण मला टॅब नको होता. फर्मवेअर भरणारा प्रोग्रॅम विचारतो, सगळं फॉर्मॅट करायचं का? २०१३ मध्ये मी त्याला 'नाही' म्हटलं होतं. का म्हटलं ते आठवत नाही, बहुधा गेम जातील म्हणून. त्या एका 'नाही'मुळेच आशा होती. आता पुन्हा भरायला गेलो आणि विभागांची मांडणी वेगळी निघाली, तर आजीच्या आवाजावर कुठलं तरी चिनी वॉलपेपर बसायचं. वहिनी म्हणाली, "भावजी, आधी झेरॉक्स काढा, मग काय ते करा." वहिनी बँकेत आहे.

म्हणून कार्डावर लिनक्स टाकलं. ह्यातही गंमत: आजच्या लिनक्सच्या कर्नलला हा नँड वाचता येत नाही. जुना ३.४ कर्नल शोधावा लागला, ज्यात ऑलविनरचाच ओबडधोबड ड्रायव्हर होता. पडद्याच्या नेमक्या सेटिंग मिळेनात, तेव्हा पडदा सोडूनच दिला. कार्डावर एक छोटी स्क्रिप्ट ठेवली: सुरू हो, नँडचा एकेक विभाग जसाच्या तसा कार्डावर उतरव, संपलं की बंद हो. मग कार्ड घातलं, चार्जर लावला आणि बसून राहिलो. काळा पडदा. चालू आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. हात लावला तर चिप कोमट लागत होती, एवढंच. आणि हो, ह्यावेळी घरात इन्व्हर्टर आहे. तरी मी दर दोन मिनिटांनी पंख्याकडे बघत होतो.

पहिल्या दोन्ही वेळा कार्ड कोरं निघालं. मेमरीची सेटिंग चुकीची होती. तिसऱ्या वेळी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, कार्डावर साडेतीन जीबीचा ऐवज उतरला. मधे वाचता न आलेले काही तुकडे होते. फ्लॅशमधला मजकूर म्हणजे साठवलेला विद्युतभार, तो वर्षानुवर्षं हळूहळू गळतो. बारा वर्षं बिनविजेचा पडलेला नँड म्हणजे मडक्यातलं पाणीच. आणखी पाच वर्षं कपाटात राहिला असता तर बहुतेक काही मिळालं नसतं.

हे दरवाजे आता बंद होत चाललेत. काही अंशी चांगल्या कारणाने. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची पद्धत आली. अपडेट दुसऱ्या प्रतीवर होतो, फसला तर फोन पहिल्या प्रतीवर परततो. लाईट जाऊन वीट व्हायचे दिवस तसे संपले. तसे, पूर्ण नाही: सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलला नव्या एम४ आयपॅड प्रोसाठीचं अपडेट काही काळ मागे घ्यावं लागलं, कारण काही लोकांचे लाख-लाखाचे आयपॅड काळे पडले. दुसरीकडे, आजच्या चिपा कंपनीची सही असल्याशिवाय कुठलाच प्रोग्रॅम चालवत नाहीत. चोरीचा फोन उघडता येऊ नये म्हणून हे हवं, मान्य. आणि न पुसता येणाऱ्या रॉममध्ये भोक राहिलं तर तेही न बुजवता येणारं असतं. २०१९ मध्ये चेकएमएट प्रकरणात आयफोन ४एस पासून आयफोन १० पर्यंतच्या चिपांचं तेच झालं. पण माझा आत्ताचा फोन उद्या असा गेला, तर त्यातलं मला कुठल्याही कार्डाने काढता येणार नाही. कंपनीच्या सर्व्हरवर प्रत असेल तर असेल. मी सुरक्षेच्या क्षेत्रातला नाही, त्यामुळे ह्यात मधला मार्ग काय ते मला सांगता येत नाही. पण तीन हजारांच्या टॅबने जे दिलं ते साठ हजारांचा फोन देणार नाही, हे खटकतं.

तर आवाज. शेवटच्या विभागात रेकॉर्डिंगचा फोल्डर सापडला. अकरा फायली. चार उघडल्याच नाहीत. दोघींमध्ये मधेच खरखर. पाच नीट. भाऊबीजेच्या दुपारी सगळे हॉलमध्ये बसलो, मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पहिली फाईल लावली. आधी बराच वेळ नुसता घरातला आवाज. भांडी, रस्त्यावरची एक रिक्षा, माझा फुटलेला घोगरा आवाज "आजी, म्हण आता" म्हणणारा. मग ती:

"बोलू का? ह्याच्यात जातंय का सगळं?" आणि थोडं थांबून, "पंखा का बंद हाय रं? लाईट गेली व्हय?"

आई उठून आत गेली. मी पुढची फाईल लावली नाही, तीच परत लावली.